दोन बोटं माया

मला शिवता येत नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ते आमच्या अख्ख्या इमारतीला कळायचं काही कारण नव्हतं. पण आता कळलंय. शिवाय आमच्या जिन्यात ही हकिगत ज्या पद्धतीनं सांगितली जाते, तिच्यात माझी बाजू कुठे येतच नाही. म्हणून एकदा मीच सांगून टाकतो. माझी बाजूही फारशी चांगली नाही, पण निदान ती माझी आहे.

ढापण्या माझा मित्र. कचेरीत गेली एकोणीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत. त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला की त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं, कारण तो फाइल नाकाला लावून वाचायला लागतो. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर त्याच्या घरी बाळ आलं, आणि तेसुद्धा दिलेल्या तारखेच्या सव्वा महिना आधी. आमच्या खात्यात तारखेआधी काही होण्याची ही पहिलीच वेळ. मुलगी झाली. दहाबारा दिवस तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आणि मग घरी सोडली. ढापण्यानं लांब रजा टाकली होती. त्या दिवशी त्याचा कचेरीत फोन आला.

"सगळं ठीक आहे रे," तो म्हणाला. "फक्त हिच्या मापाचं काही मिळत नाही. दुकानातलं सगळ्यात लहान झबलं आणलं, तर त्यात मुलगी कुठे आहे ते शोधावं लागतं."

आता यावर चांगल्या माणसानं काय म्हणावं? "आलोच" म्हणावं आणि चप्पल घालावी. मी म्हणालो, "थांब, मी शिवून आणतो."

हे असं का म्हणालो, त्यालाही कारण आहे. तीन वर्षांपूर्वी तपासणीच्या दिवशी सकाळी आमच्या साहेबांच्या कोटाचं बटण तुटलं होतं. सगळे नुसते बघत उभे राहिले. मी सुईदोरा मागवला आणि बटण लावून दिलं. साहेब म्हणाले, "हात आहे हो तुमच्याकडे." तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल वरिष्ठांनी काढलेले हे एकमेव चांगले उद्गार, आणि ते बटणाबद्दल होते. साहेब निवृत्त झाले, पण बटण अजून जागच्या जागी आहे असं ऐकतो.

शिवाय मी हे कचेरीच्या फोनवरून बोललो होतो, म्हणजे खात्यातल्या सगळ्यांसमोर. बाकीच्यांनी मिळून पाळणा द्यायचं ठरवलं होतं. माझ्यासमोर यादी आली तेव्हा मी ती दोन बोटांनी पुढे सरकवली आणि म्हणालो, "आमचं वेगळं आहे." एकदा असं बोलून बसल्यावर माणसाला मागे फिरता येत नाही. निदान मला येत नाही.

घरी बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुम्ही शिवणार?"

"हो."

"अहो, आधी नुसतं जाऊन या ना. हात हलवत गेलात तरी चालेल."

"रिकाम्या हातानं? बरं दिसतं का ते? झबलं झालं की जातो."

हे "झबलं झालं की जातो" मी पुढे आठ आठवडे म्हणत राहिलो. तेव्हा मात्र ते मला एका शनिवारचं काम वाटत होतं. मी बायकोला म्हटलं, "तू जरा मदत करशीलच." ती म्हणाली, "मला कुठे येतं शिवायला? बाई आहे म्हणजे येत असेल, असं वाटलं होय?" खरं म्हणजे मला तसंच वाटलं होतं. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर हे विचारायला नको होतं, हेही खरं.

कापडाचा निकाल समोरच्या काकूंनी लावला. काकूंना कुणी काही विचारत नाही, तशी वेळच येत नाही. "नवं कापड टोचतं हो एवढ्याशा जिवाला," त्या दारातूनच म्हणाल्या. "धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती पाहिजे." एवढं बोलून त्या माझ्या छातीकडे बघायला लागल्या. बायकोही बघायला लागली. मी माझा निळ्या रेघांचा शर्ट घातला होता. अकरा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी मी तो कचेरीत घालत आलो होतो. कॉलर विरली होती, पण अंगाला तो इतका मऊ लागायचा की सोमवार आहे हेसुद्धा सुसह्य व्हायचं. मी आत गेलो, दार लावलं आणि शर्ट काढला. मित्रासाठी काहीतरी सोडतोय असं वाटून मला भरून आलं.

राहता राहिलं शिवणयंत्र. बायकोच्या आत्याची हातानं फिरवायची जुनी मशीन आमच्या इमारतीच्या तळघरातल्या अडगळीच्या खोलीत होती आणि खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे. मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

"अहो, मशीन आमचीच आहे."

"असेल. कशावरून?"

"हिच्या आत्याबाईंनी दिली."

"मग त्यांचं पत्र आणा."

"त्या वारल्या."

"मग तसं लिहा आणि वारसाची सही घ्या."

"वारस म्हणजे हीच. ही काय, इथे उभी आहे."

सेक्रेटरींनी चष्म्याच्या वरून माझ्या बायकोकडे पाहिलं. "असतील. कशावरून?"

मला खूप चिडायचं होतं, पण चिडता आलं नाही. कारण "कशावरून" हा माझा शब्द आहे. तेवीस वर्षं मी तो खिडकीच्या आतून लोकांना विचारत आलोय, याच आवाजात, याच चष्म्याच्या वरून. खिडकीबाहेर तो कसा ऐकू येतो ते मला ठाऊक नव्हतं. मी गुमान अर्ज लिहिला. तो इतका नेटका झाला की सेक्रेटरींनी नमुना म्हणून त्याची एक प्रत ठेवून घेतली. तो पुढच्या बैठकीत मंजूर झाला आणि अकराव्या दिवशी मशीन घरी आली. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, मात्र आत नव्हती. बॉबिनसाठी वेगळा अर्ज लागेल का, असं मी विचारलं, तर सेक्रेटरी विचारात पडले. मग मी विषय वाढवला नाही, बाजारातून नवी आणली.

मधल्या दिवसांत ढापण्याचे फोन येतच होते. मशीन आली त्या संध्याकाळीही आला.

"काय रे, येतोयस ना?"

"मशीन आली. आता माप सांग."

"कसलं माप?"

"मुलीचं. गळ्यापासून पायापर्यंत."

तो म्हणाला, "असेल वीत आणि चार बोटं. लेका, तू येऊन बघ ना. हातात घेऊन बघ. आमच्या बायकोला दोन दिवस ताप आहे, करायला मी एकटाच आहे घरात."

"आलोच. झबलं झालं की."

"ताप" हा शब्द मी ऐकला होता. नाही ऐकला असं म्हणणार नाही. पण माझा हात त्या वेळी कागदावर "वीत, चार बोटं" असं लिहीत होता, आणि लिहिताना माझ्या कानांना फार काम करायची सवय नाही.

मशीन फिरायला लागल्यावर खालच्या मजल्यावरचे इंजिनियर काका तक्रार घेऊन वर आले. त्यांच्या डोक्यावर कुणी गिरणी चालवतंय असं त्यांना वाटलं होतं. झबलं म्हटल्यावर ते तक्रार विसरले आणि खुर्ची ओढून बसले. काकांनी आयुष्यभर पूल बांधलेत. त्यांनी मोठ्या कागदावर झबल्याचा आराखडा काढला, पुढून, बाजूनं आणि वरून. मग पेन्सिल थांबवून म्हणाले, "वीत म्हणजे कुणाची वीत?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. ढापण्याचा पंजा एवढा आहे की तो एका हातात चार फायली धरतो. माझी वीत त्याच्यापुढे काहीच नाही. काका पुढे म्हणाले, "आणि हे माप कधीचं? मूल काय तसंच राहणार आहे?" आणि त्यांनी आराखड्याच्या मागे आलेख काढायला घेतला. एका रेघेवर मुलीची वाढ, दुसऱ्या रेघेवर माझं काम. दोन्ही रेघा कुठे भेटतात ते त्यांनी बराच वेळ शोधलं. शेवटी कागद गुंडाळत म्हणाले, "तुम्ही लवकर करा."

पहिलं झबलं मी शर्टाच्या पाठीतून कापलं. आराखड्याच्या रेघेवरून कात्री केसभरही हलू दिली नाही. मग टीप मारली. कचेरीत मी टिपणी लिहिण्यात पटाईत समजला जातो, पण टिपणी वाकडी गेली तर खोडता येते. दोन दिवसांनी झबलं पुरं झालं आणि मी ते सुलटं केलं. ते आक्रसलं होतं. कापलं तेव्हा त्यात मूल मावलं असतं, शिवल्यावर मावेना. बायकोनं ते पाण्याच्या बाटलीला घालून पाहिलं. बाटलीला ते अगदी बरोबर बसलं.

मी ते घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलो. हा माणूस तोंडात टाचण्या धरून बोलतो, त्यामुळे तो कायम रागावलेला वाटतो. त्यानं झबलं उलटं केलं, शिवण अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला, "यात मायाच नाही."

मला हे फार लागलं. "माया नाही?" मी म्हणालो. "अंगावरचा शर्ट काढून दिलाय मी यासाठी. तीन आठवडे झटतोय. मित्राच्या मुलीसाठी चाललंय हे सगळं, आणि तुम्ही म्हणता माया नाही?"

टेलरनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि ओळीनं उशीला टोचल्या. दुकानात दोन बायका होत्या, त्या मान खाली घालून कापड बघायला लागल्या.

"मनात असेल हो," तो म्हणाला. "मी कापडातली म्हणतोय. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. तुम्ही रेघेवर कापलंत आणि आणखी आत शिवलंत. मग राहणार काय?"

"किती सोडायची?"

"दोन बोटं. पोराबाळांचं असेल तर सोडाच. मूल वाढलं की शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची, की तोच कपडा आणखी दोन महिने निघतो."

शब्द माझ्या रोजच्या वापरातला आणि त्याचा हा अर्थ मला पन्नाशीला आल्यावर दोन परक्या बायकांसमोर कळावा, याचं मला वाईट वाटलं. पण मी घरी येऊन काकांना बोलावलं. काका खूश झाले. पुलातही असंच असतं म्हणाले, लागतं त्याच्या दुप्पट धरायचं. म्हणून दुसरं झबलं, जे शर्टाच्या पुढच्या दोन भागांतून निघालं, त्याला आम्ही चार बोटं माया सोडली, सगळीकडून. सगळीकडून म्हणजे गळ्यालाही. शिवून झाल्यावर लक्षात आलं की मी गळाही शिवून टाकलाय. काकू येऊन बघून गेल्या. "उशीचा अभ्रा छान झालाय," म्हणाल्या. त्यांना तो खरोखरच अभ्रा वाटला होता, म्हणून जास्त लागलं.

आता शर्टाच्या दोन बाह्या उरल्या होत्या. त्या उसवून, जोडून त्यातून तिसरं झबलं काढायचं होतं, आणि हे बिघडलं तर संपलं. मी इतका सावकाश शिवायला लागलो की काका खालून विचारायला आले, मशीन बंद पडली का म्हणून. मी संध्याकाळी कचेरीतून आलो की तडक मशीनवर. बायको मंगळवारी आणि शुक्रवारी "जरा जाऊन येते" म्हणायची आणि दोन तासांनी यायची. एकदा तिनं "तुम्हीही चला" म्हटल्याचं आठवतं. मी म्हणालो, "बॉबिन अडकलीये." कुठे चल, हे मी विचारलं नाही.

ढापण्याचे फोन आधी रोज यायचे, मग आठवड्यातून दोनदा, मग यायचे थांबले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता जरा शांतपणे काम होईल. हे सांगताना मला लाज वाटते, पण त्या वेळी मला तसंच वाटलं होतं.

आठव्या आठवड्यात तिसरं झबलं पुरं झालं. गळा होता, दोन्ही हातांना जागा होती आणि आत दोन बोटं माया होती. टेलरनं ते उजेडात धरलं आणि टाचण्यांतून "चालेल" म्हणाला. मी ते इस्त्री करून कागदात गुंडाळलं, नवा कडक शर्ट घातला आणि रविवारी सकाळी ढापण्याकडे गेलो. बायकोला म्हटलं, चलतेस का? ती म्हणाली, "आज तुम्ही एकटे जा."

दार ढापण्यानं उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "आलास," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

खोलीत कचेरीनं दिलेला पाळणा होता. माझ्या डोक्यात गेले आठ आठवडे वीत आणि चार बोटं एवढी मुलगी होती. पाळण्यात एक चांगल्या भरल्या अंगाच्या बाई झोपल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि उशिरा आलेल्या अर्जाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

ढापण्यानं कागद सोडला. झबलं हातात घेतलं, आणि बराच वेळ ते अंगठ्याखाली चोळत राहिला.

"हा तुझा निळ्या रेघांचा ना?"

"हो."

"सोमवार-गुरुवार."

"हो."

आम्ही ते घालायचा प्रयत्न केला. एक हात कोपरापर्यंत गेला. डोकं जाईना. मी घाईघाईनं म्हणालो, "थांब, आत माया आहे. दोन बोटं सोडलीये. उसवलं की मोठं होतं." त्यानं कात्री आणली. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि समोरासमोर एकेक टाका काढायला लागलो. कचेरीत बसतो तसेच बसलो होतो, फक्त मध्ये टेबल नव्हतं. सगळी माया बाहेर काढली, तरी ते तिला होईना. शेवटी सगळंच उसवलं गेलं आणि नुसतं कापड हातात राहिलं.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. "आज वहिनी नाही आल्या?" त्यांनी मला विचारलं.

"कोण, आमची?"

"मंगळवार-शुक्रवार येतात ना. हिला घेऊन बसतात, म्हणून मला तासभर डोळा लागतो. मला ताप होता तेव्हा तर रोज यायच्या, तुम्ही कचेरीत असताना."

मी ढापण्याकडे पाहिलं. तो दोरे गोळा करत होता.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," तो म्हणाला. "लेका, मी मापासाठी फोन करत नव्हतो रे. कपड्याचं काय, आम्ही तिला माझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं होतं. हिला ताप, पोरगी दूध पिईना, आणि मी दोघींच्या मध्ये नुसता उभा. काही आणायला नको होतं. तू दारातून आत यायला हवं होतंस. एकोणीस वर्षं समोर बसतोस. म्हटलं, येशील."

तो रागावला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. किल्ली होती, अर्ज होता, अकरा दिवस होते, बॉबिन होती. पण तो रागावला नव्हता, दमला होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी हे त्याला पहिल्यांदाच म्हणत होतो. तो "हं" म्हणाला.

तेवढ्यात मुलगी रडायला लागली. वहिनी उठत होत्या, पण ढापण्यानं त्यांना बसवलं, मुलीला उचललं आणि सरळ माझ्या हातात दिलं. मी तिला खांद्याशी धरलं. तिचा गाल माझ्या नव्या कॉलरला लागला आणि ती जास्तच जोरात रडायला लागली. मी खांदा बदलला. त्या खांद्यालाही तोच शर्ट होता.

ढापण्यानं जमिनीवरचं उसवलेलं कापड उचललं. झटकून त्यातले दोरे काढले आणि ते माझ्या खांद्यावर पसरलं, तिच्या गालाखाली. आमची दोन बोटं माया धरून ते बरोबर खांद्याएवढं भरलं. मुलीनं दोनदा नाक घासलं, एक उसासा टाकला आणि गप्प झाली.

"तेव्हा हाच घालून आला असतास तर," ढापण्या म्हणाला. मग म्हणाला, "मी जरा पडतो," आणि चष्म्यासकट झोपला. तो चष्मा काढायला हवा होता, पण माझा हात मोकळा नव्हता.

मी तसाच उभा राहिलो, बसलो तर ती उठेल म्हणून. माझ्या मानेपाशी तिचा श्वास लागत होता, आणि त्या निळ्या रेघा. आठ आठवड्यांपूर्वी तो शर्ट सबंध होता आणि त्याच्या आत मी होतो. इथून बसच्या फक्त पाच थांब्यांवर होतो.